संगणक-स्मृतीचे नियोजन : महाराष्ट्रातील इतिहास

संगणकाच्या मुख्य स्मृतीची विभागणी, तिच्यातील माहितीची ने-आण आणि दुय्यम साठवणीशी असलेला तिचा संबंध यांविषयीचे निर्देश बदलून यंत्राची कार्यगती वाढविणे, यास स्मृती-नियोजन म्हणतात. प्रक्रियक तोच ठेवून केवळ अशा फेरबदलाने एखादे काम अनेक पटींनी जलद होऊ शकते; चुकीच्या फेरबदलाने ते तितकेच मंदावते, क्वचित साठविलेली माहितीही नष्ट होते. महाराष्ट्रात संगणक आला तो अत्यंत तोकडी स्मृती घेऊन, आणि पुढील तीन-चार दशके येथील संगणकज्ञांचे बरेचसे कौशल्य ही उणीव भरून काढण्यात खर्च झाले. त्यामुळे हा विषय तांत्रिक असला, तरी त्यास स्वतंत्र इतिहास आहे.

मूळ अडचण समजण्यास महसुली दप्तराचे उदाहरण उपयुक्त ठरते. लिपिकाच्या मेजावर जे दप्तर उघडे आहे त्यातील नोंद तत्काळ सापडते. जे रुमालात बांधून अभिलेखकक्षात ठेवले आहे ते आणण्यास शिपाई धाडावा लागतो. मेज म्हणजे मुख्य स्मृती, अभिलेखकक्ष म्हणजे चुंबकीय तबकडी. अलीकडील संगणकात मुख्य स्मृतीतील शब्द मिळण्यास सु. एक कोट्यंश सेकंद लागतो, तर फिरत्या तबकडीवरील माहिती मिळण्यास सु. एक शतांश सेकंद. हे अंतर एक लाख पटींचे आहे. लिपिक कितीही चपळ असला, तरी मेज लहान असेल आणि त्यावर नको ती दप्तरे पसरली असतील, तर त्याचा दिवस शिपायाची वाट पाहण्यातच जातो. संगणकाच्या मंदपणाचे कारण प्रक्रियकात शोधण्याची सर्वसाधारण प्रवृत्ती असते. ते पुष्कळदा मेजावरच सापडते.

मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली बांधण्यात आलेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला संगणक हा या इतिहासाचा आरंभ होय. १९६२ मध्ये त्यास टिफ्रॅक हे नाव देण्यात आले. त्याची मुख्य स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची असून तीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने ही क्षमता १०,२४० बाइट, म्हणजे बरोबर दहा किलोबाइट भरते. प्रस्तुत नोंदीचा मजकूर आजच्या युनिकोड पद्धतीने साठविल्यास तिचा सु. चौथा हिस्साच टिफ्रॅकच्या स्मृतीत मावला असता, आणि त्यावर प्रक्रिया करणाऱ्या आज्ञावलीस जागाच उरली नसती. आज्ञावली आणि विदा यांना हीच एक स्मृती वाटून घ्यावी लागे. एका टप्प्याचे काम संपताच त्याच्या आज्ञांची जागा पुढील टप्प्याच्या आकड्यांसाठी वापरणे, मधली उत्तरे आवश्यक तेवढाच काळ बाळगणे, एकाच उपआज्ञावलीवर अनेक कामे भागविणे या गोष्टी तेव्हा काटकसर म्हणून नव्हे, तर केवळ गणित पुरे व्हावे म्हणून कराव्या लागत. कोणती माहिती केव्हा कोठे असावी, हा निर्णय सर्वस्वी माणसाचा होता. म्हणूनच आज्ञावली लिहिणाऱ्यास भौतिकी वा गणिताइतकेच स्मृतीच्या नकाशाचेही भान ठेवावे लागे.

१९६४ मध्ये याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी बनावटीचा संगणक बसविण्यात आला. त्याचा शब्द ४८ बिटांचा असून स्मृती ३२,७६८ शब्दांची, म्हणजे सु. १९२ किलोबाइटची होती. देशातील अनेक संशोधन संस्थांची कामे त्यावर होऊ लागली, आणि स्मृती जवळजवळ वीस पट वाढूनही ती पुन्हा अपुरी पडू लागली. या क्षेत्रातील हा अनुभव जणू नियमच म्हणावा असा आहे : स्मृती वाढली, की गणिते तिच्यापेक्षा अधिक वाढतात. मोठ्या फोर्ट्रान आज्ञावल्यांचे खंड पाडून, एक खंड संपला की त्याच जागी दुसरा आणण्याची आच्छादन-पद्धती त्या काळातील संगणकांवर सर्वत्र रूढ होती. खंड कोठे पाडावेत हे आज्ञावलीकारच ठरवी, आणि ते चुकल्यास यंत्राचा बहुमोल वेळ चुंबकीय फिती फिरविण्यात जाई.

माणसावरील हा भार यंत्राकडे सोपविण्याची कल्पना इंग्लंडमधील मँचेस्टर येथे साकार झाली. तेथील अ‍ॅटलास संगणकात (१९६२) १६,३८४ शब्दांची कडी-स्मृती आणि त्याच्या सहापट क्षमतेचा चुंबकीय ढोल ही दोन्ही मिळून आज्ञावलीकारास एकसंध स्मृती भासत. माहितीची ५१२ शब्दांची पृष्ठे पाडलेली असत व लागेल ते पृष्ठ यंत्र स्वतःच ढोलावरून आणी. हीच पुढे आभासी स्मृती या नावाने प्रसिद्धीस आली. तथापि मेज भरलेले असताना नव्या दप्तरासाठी कोणते दप्तर परत पाठवावे, हा प्रश्न उरलाच. लासलो बेलाडी यांनी १९६६ मध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९६९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण विसंगती दाखवून दिली. ती वाशिम जिल्ह्याच्या उदाहरणाने पाहता येईल.

समजा, मेजावर तीनच दप्तरांना जागा आहे आणि जे आधी आले ते आधी परत पाठवायचे, असा नियम आहे. मागणी या क्रमाने येते : वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, वाशिम, रिसोड, कारंजा, वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा. शिपायास नऊ खेपा कराव्या लागतात. आता मेज मोठे करून चार दप्तरांची सोय केली, तर खेपा कमी व्हाव्यात. परंतु त्या दहा होतात. वाचकाने कागदावर ताळा करून पाहावा. स्मृती वाढविली की गती वाढलीच पाहिजे, हा समज नियम सदोष असल्यास खोटा ठरतो, हे या उदाहरणावरून दिसते. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेली कार्यसंचाची कल्पना अधिक व्यवहारोपयोगी ठरली. कोणतीही आज्ञावली ठराविक अवधीत आपल्या पृष्ठांपैकी थोडीच पुनःपुन्हा वापरते. चालू असलेल्या सर्व आज्ञावल्यांचे हे संच मुख्य स्मृतीत मावत असतील तोवर काम सुरळीत चालते. ते मावेनासे झाले, की गती हळूहळू न घटता एकदम कोसळते. प्रक्रियक रिकामा बसतो आणि तबकडी अखंड घरघरत राहते. जुन्या संगणकावर काम केलेल्या प्रत्येकास हा आवाज परिचित आहे.

व्यक्तिगत संगणकाचा काळ : मोठ्या संगणकांवर एव्हाना सुटलेला प्रश्न लहान संगणकांवर पुन्हा पहिल्यापासून उपस्थित झाला. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने बाजारात आणलेल्या व्यक्तिगत संगणकाचा ८०८८ प्रक्रियक एक मेगाबाइट स्मृतीच हाताळू शके, आणि तीतील ३८४ किलोबाइट दृश्यपट व इतर उपकरणांसाठी राखीव असल्याने आज्ञावल्यांच्या वाट्यास ६४० किलोबाइट येत. डॉस या परिचालन प्रणालीने ही मर्यादा पुढील दीड दशक कायम राखली. यंत्रात चार मेगाबाइट स्मृती बसविलेली असतानाही ‘स्मृती अपुरी आहे’ असा संदेश दृश्यपटावर उमटे, याचे नवशिक्यांस मोठे आश्चर्य वाटे.

मराठीत काम करणाऱ्यांची अडचण याहून बिकट होती. रोमन लिपीचा डॉसचा पट ८० स्तंभ व २५ ओळींचा असून त्याच्या वर्णनास ४,००० बाइट पुरत. देवनागरीतील जोडाक्षरे, वेलांट्या व रफार या ठराविक चौकटींत बसत नाहीत; अक्षरे बिंदूबिंदूंनी रेखावी लागतात. ६४० × ४८० बिंदूंच्या सोळा रंगी पटास १,५३,६०० बाइट लागतात, म्हणजे भार अडतीस पटींहून अधिक झाला. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे विकसित केले. संगणकात बसविण्याच्या स्वतंत्र कार्डाकडे लिपिरेखनाचे काम सोपवावे, हे त्यामागील सूत्र होते. मजकूर साठविण्यासाठी इस्की ही संकेतप्रणाली निश्चित करण्यात आली (भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१). तीत प्रत्येक वर्णास व मात्रेस एकच बाइट दिलेला आहे. ‘वाशिम’ हा शब्द इस्कीत पाच बाइटांत बसतो. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ संकेतनात त्यास पंधरा बाइट लागतात. स्मृती महाग होती तेव्हा इस्कीची ही काटकसर अमूल्य होती. आज युनिकोडमुळे जगातील कोणत्याही यंत्रावर मराठी वाचता येते आणि त्यासाठी मोजलेली तिप्पट जागा क्षुल्लक ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डॉसमधील स्मृती-नियोजनाची गुरुकिल्ली कॉन्फिग.सिस या छोट्या फाइलीत होती. तीत किती फाइली एका वेळी उघडाव्यात, तबकडीवरील माहितीसाठी किती बफर राखावेत इ. गोष्टी लिहिलेल्या असत. प्रत्येक बफर पाचशेहून अधिक बाइट व्यापी. अशा वीस बफरांना टिफ्रॅकच्या संपूर्ण मुख्य स्मृतीहून थोडी अधिकच जागा लागे. १९९१ मध्ये आलेल्या डॉसच्या पाचव्या आवृत्तीत स्वतः डॉसचाच बराच भाग एक मेगाबाइटच्या वरच्या ६४ किलोबाइटांत हलविण्याची सोय झाली, आणि ८०३८६ प्रक्रियकाच्या यंत्रांत राखीव क्षेत्रातील मोकळ्या फटींत छपाईयंत्र, माउस इत्यादींच्या चालक आज्ञावल्या बसविता येऊ लागल्या. यातील मर्म क्रमात होते. मोठ्या आज्ञावल्या आधी भरल्यास लहान आज्ञावल्या उरलेल्या फटींत मावत; उलट केल्यास मोठीस सलग जागा उरत नसे. पोत्यांच्या थप्पीत मोठी पोती आधी रचणाऱ्या हमालास हे शिकवावे लागले नसते. १९९३ च्या सहाव्या आवृत्तीतील मेममेकर ही आज्ञावली असे अनेक क्रम स्वतः तपासून उत्तम तो निवडू लागली आणि हे कौशल्य फार काळ टिकले नाही.

याच आवृत्तीने एक गंभीर धडाही दिला. तीतील स्मार्टड्राइव्ह ही आज्ञावली तबकडीवर लिहावयाची माहिती थोडा वेळ मुख्य स्मृतीत राखून मग सवडीने लिहीत असे. त्यामुळे काम लक्षणीय जलद होई. परंतु माहिती प्रत्यक्ष तबकडीवर जाण्यापूर्वीच यंत्र बंद केले अथवा वीज गेली, तर ती नाहीशी होई. फाइलींची मोडतोड झाल्याच्या तक्रारी आल्यानंतर पुढील ६.२ आवृत्तीत हे विलंबित लेखन आपोआप चालू होणार नाही अशी व्यवस्था करण्यात आली. वीज केव्हाही जाऊ शकते अशा विदर्भ-मराठवाड्यातील गावांत हा निर्देश चालू ठेवणे म्हणजे दिवसभराच्या नोंदी पणास लावणे होते. वेग आणि सुरक्षितता यांतील हा सौदा प्रशिक्षणवर्गांत क्वचितच समजावून दिला जाई. तेथे निर्देशांच्या ओळी पाठ करून घेत, त्यांचा परिणाम नव्हे.

स्मृतीतील काटकसरीची आणखी एक किंमत शतकाच्या अखेरीस मोजावी लागली. वर्षाचे चार अंक साठविण्याऐवजी शेवटचे दोनच साठविण्याची जुनी रीत २००० साली धोक्याची ठरणार होती. ती सुधारण्याच्या जगभरच्या कामात मुंबई-पुण्यातील संगणक-कंपन्यांना मोठा वाटा मिळाला.

विंडोज व त्यानंतर : अकोला जिल्ह्यापासून वेगळा होऊन वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्याच्या आदल्याच आठवड्यात, २५ जूनला, विंडोज ९८ ही परिचालन प्रणाली बाजारात आली होती. हा योगायोगच; परंतु जिल्ह्याचा प्रशासकीय जन्म आणि आभासी स्मृती घरोघरी पोहोचण्याचा काळ एकच, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. विंडोज ९८ ला किमान १६ मेगाबाइट स्मृती लागे व उणीव तबकडीवरील अदलाबदल-फाइलीतून भरून काढली जाई. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाल्यावर तालुक्याच्या गावांतील विद्यार्थ्यांचाही अशा यंत्रांशी परिचय झाला.

या काळात स्मृतीच्या निर्देशांविषयी अनेक लोकसमज पसरले. अदलाबदल-फाइल मुख्य स्मृतीच्या दीडपट असावी, हा त्यांतील सर्वांत चिवट. विंडोज एक्सपीत प्रणालीचे स्वतःचे प्रारंभिक माप साधारण तेच असल्याने त्यास नियमाचे रूप आले. वस्तुतः ज्याच्याकडे स्मृती कमी त्यास फाइल मोठी हवी आणि ज्याच्याकडे ती विपुल त्यास लहान पुरावी. दीडपटीचा हिशेब नेमका याच्या उलट चालतो. मुख्य स्मृती पुष्कळ आहे म्हणून ही फाइल अजिबात काढून टाकणारेही होते. अशा यंत्रावर मागणी मर्यादेपलीकडे गेली, की आज्ञावली मंदावत नाही, ती बंदच पडते. स्मृती ‘रिकामी’ करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या आज्ञावल्यांची तर मोठी बाजारपेठ निर्माण झाली. त्या उपयोगात असलेली पृष्ठे बळेच तबकडीवर ढकलीत. आकडा मोकळ्या जागेचा दिसे, आणि पुढच्याच क्षणी तीच पृष्ठे परत आणण्यात वेळ जाई. रिकामे मेज हे काम झटपट होण्याचे लक्षण नव्हे.

विंडोज ९८ मध्ये तर ५१२ मेगाबाइटहून अधिक स्मृती बसविल्यास ‘स्मृती अपुरी’ असा संदेश येण्याचा प्रकार घडे. तबकडीवरील माहितीसाठी राखलेला साठा स्मृतीच्या प्रमाणात वाढून यंत्रणेची पत्तेक्षेत्रेच संपवीत असे. सिस्टिम.आयएनआय या फाइलीत त्या साठ्याची कमाल मर्यादा एका ओळीने बांधून दिली, की दोष दूर होई. निर्देश बदलून खरोखर लाभ झाल्याचे हे निर्विवाद उदाहरण होय. अशी उदाहरणे मात्र थोडीच आहेत, आणि नव्या प्रणालींत ती आणखी विरळ झाली. लिनक्समध्ये पृष्ठे बाहेर पाठविण्याची प्रवृत्ती ‘स्वॅपिनेस’ या अंकाने कमी-अधिक करता येते (तिचे मूळ मूल्य ६०), तसेच पृष्ठे तबकडीवर न पाठविता स्मृतीतच संक्षिप्त करून ठेवता येतात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कमी स्मृतीची जुनी यंत्रे चालू ठेवू पाहणाऱ्या शाळा व लहान कार्यालयांस यांपैकी दुसरी सोय विशेष उपयोगी आहे. तरीही अशा यंत्रात फिरत्या तबकडीऐवजी अर्धसंवाहक साठवण बसविल्याने जे साधते, ते कोणत्याही निर्देशाने साधत नाही. कारण त्यामुळे शिपायाची खेपच सु. शंभर पटींनी आखूड होते.

माणसाकडून यंत्राकडे गेलेला निर्णय एका क्षेत्रात मात्र माणसाकडेच राहिला. सी-डॅकने १९९१ मध्ये पुण्यात सिद्ध केलेल्या परम ८००० या महासंगणकात अनेक ट्रान्सप्यूटर एकत्र जोडलेले असून प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र होती. एकास दुसऱ्याच्या स्मृतीतील आकडा हवा असल्यास तो संदेश पाठवून मागवावा लागे. त्यामुळे प्रश्नाची वाटणी कशी करावी, हे टिफ्रॅकच्या काळाप्रमाणेच आज्ञावलीकारास ठरवावे लागले. आजच्या महासंगणकांची रचनाही मुळात अशीच आहे. हवामानाच्या प्रतिमानात भूपृष्ठाचे चौकटींत विभाजन करून चौकटींचे गट वेगवेगळ्या संगणक-केंद्रकांकडे सोपवितात. प्रत्येक केंद्रकास आपल्या क्षेत्राबरोबरच शेजारच्या क्षेत्राच्या शिवेवरील मूल्येही दर पावलागणिक मागवून जवळ बाळगावी लागतात. गट फार लहान केले, तर शिवा वाढतात व वेळ देवघेवीत जातो. फार मोठे केले, तर केंद्रकाची स्मृती अपुरी पडते.

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा अर्क हे महासंगणक कार्यान्वित झाले. संस्थेने विकसित केलेली भारत पूर्वानुमान प्रणाली मे २०२५ मध्ये उपयोगात आली; तिची चौकट सु. सहा किलोमीटरची, तर पूर्वीच्या प्रतिमानाची बारा किलोमीटरची होती. चौकटीची बाजू निम्मी झाली, की चौकटींची संख्या आणि तीबरोबर स्मृतीची गरज चौपट होते. कालाचे पाऊलही आखूड करावे लागत असल्याने एकूण आकडेमोड सु. आठपट वाढते. वाशिम जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. ५,१५० चौ. किमी. आहे. बारा किलोमीटरच्या प्रतिमानात या जिल्ह्याच्या वाट्यास सु. छत्तीस चौकटी येत व मानोऱ्याचा पाऊस शेजारच्या मंगरूळपीरच्या पावसापासून वेगळा काढणे कठीण होते. सहा किलोमीटरच्या प्रतिमानात त्या सु. १४३ झाल्या. बहुतांशी कोरडवाहू सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या या जिल्ह्यात पेरणीचा दिवस पावसाच्या अंदाजावर ठरतो, आणि त्या अंदाजाची बारकाई पुण्यातील यंत्राच्या स्मृतीत किती चौकटी मावतात यावर अवलंबून असते.